औषधवाल्याचं मत आणि औषधवाल्याचं दुकान

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शिक्षकांची कार्यशाळा घेत होतो. विषय होता द्रवाचा दाब. दोन सिरिंज, सलाइनच्या नळीचा तुकडा आणि रंगीत पाणी एवढ्या सामानात पास्कलचा नियम दाखवता येतो, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. लहान सिरिंजचा दट्ट्या दाबला की मोठीचा दट्ट्या वर येतो आणि त्यावर ठेवलेलं जाडजूड पुस्तक उचललं जातं. दुपारी सिरिंज कमी पडल्या, म्हणून दोघांना बाजारात पिटाळलं. एक होते माध्यमिक शाळेतले विज्ञानाचे गुरुजी, पन्नाशीचे, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टातले. दुसरा होता सभागृहात खुर्च्या मांडणारा मुलगा, वीस-बावीस वर्षांचा, काटकुळा. आदल्या रात्री कुठल्याशा लग्नाचा मांडव घालत जागल्यामुळे त्याचे डोळे तांबारलेले होते.

गुरुजी दहा मिनिटांत डझनभर सिरिंज घेऊन परतले. मुलगा रिकाम्या हातांनी आला. दुकानदार म्हणाला होता, "नाहीत." गुरुजींना राहवेना. ते त्याच दुकानात गेले आणि तिथूनही सहा घेऊन आले.

सभागृहात हशा पिकला. तो मुलगा मात्र हसला नाही, खुर्च्या नीट करायला लागला. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "सर, हा प्रयोग झाला म्हणायचा का?" मी म्हटलं, नाही. एक दुकान, दोन गिऱ्हाइकं. मधल्या वेळात दुकानदाराला खोक्यात एक पाकीट सापडलंही असेल. एवढ्यावरून काही ठरत नाही. उत्तर बरोबर होतं, पण त्याने माझं समाधान झालं नाही. संध्याकाळी मी त्या दुकानदाराला गाठलं. त्याच्याशी काय बोलणं झालं ते पुढे सांगतो. त्यानंतर मात्र या विषयावर लोकांनी काय अभ्यास केला आहे ते शोधून वाचायला लागलो. विषय असा : सुईने नशा करणारा माणूस औषधाच्या दुकानात कोरी सिरिंज मागायला आला, तर दुकानदाराने काय करावं असं दुकानदारालाच वाटतं?

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. एकच सुई चार जणांनी वापरली की एका रक्तातून दुसऱ्या रक्तात एचआयव्ही आणि कावीळ ब, कावीळ क यांचे विषाणू जातात. कोरी सुई जवळ असेल तर जात नाहीत. आणि कोरी सुई मिळण्याची गावातली सर्वांत जवळची जागा म्हणजे औषधाचं दुकान. म्हणून १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक देशांत औषधविक्रेत्यांच्या मतांच्या पाहण्या झाल्या. त्यांतली एक पाहणी पुढच्या कित्येकांना नमुन्यासारखी ठरली. तिच्याविषयी, आणि तिच्या निमित्ताने अशा पाहण्यांच्या पद्धतीविषयी, मला काही म्हणायचं आहे.

ग्लान्झ, बर्न आणि जॅक्सन या तिघांची ही पाहणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये १९८९ साली आली. इंग्लंड आणि वेल्समधल्या नोंदणीकृत औषध दुकानांपैकी चारातलं एक असा यादृच्छिक नमुना घेऊन त्यांनी २४६९ दुकानांना टपालाने प्रश्नावली धाडली. १९४६ दुकानांनी ती भरून पाठवली. म्हणजे प्रतिसाद ७९ टक्के. टपालाने पाठवलेल्या प्रश्नावल्यांचं एरवी काय होतं हे ज्यांनी कधी पाठवल्या आहेत त्यांना विचारा. एवढ्या प्रतिसादाबद्दल मी त्यांना मनापासून दाद देतो. उत्तरांना भार देऊन काढलेल्या अंदाजानुसार २४३४ पैकी ६७६ दुकानं सिरिंज-सुया विकत होती. ६५ दुकानं सुई-बदलीच्या योजनेत होती, म्हणजे वापरलेली सुई आणून द्यायची आणि कोरी घेऊन जायची. वापरलेल्या सुया टाकण्याचा बंद डबा नशा करणाऱ्यांसाठी ठेवला होता फक्त ९४ दुकानांनी. मतांबद्दल लेखक सांगतात की नशा करणारी माणसं दुकानात येण्याने काय काय होईल याची औषधविक्रेत्यांना बरीच काळजी वाटत होती, आणि तरीही या साथीला आळा घालण्यात आपलं महत्त्वाचं काम आहे हे त्यांच्यातल्या पुष्कळांना मान्य होतं.

आता यावर माझी पहिली हरकत अगदी साधी आहे. लेखाच्या शीर्षकात या गिऱ्हाइकाला जे इंग्रजी नाव दिलं आहे त्याचा मराठीत अर्थ होतो 'सुईने मादक द्रव्यांचा गैरवापर करणारा'. त्या काळात तिकडे ही रूढ भाषा होती, त्यात लेखकांचा दुष्टावा नाही. पण ज्याच्या नावातच 'गैर' आहे त्याला काही विकावं का, असं विचारल्यावर उत्तराचा काटा आधीच थोडा कललेला असतो. आपल्याकडचा 'गर्दुल्ला' हा शब्द घ्या. एका कागदावर लिहा, 'गर्दुल्ल्याला सुई विकाल का?' दुसऱ्यावर लिहा, 'दुसऱ्याची वापरलेली सुई टोचावी लागू नये म्हणून कोरी सुई मागणाऱ्याला ती विकाल का?' माणूस तोच, सुई तीच, दुकान तेच. दोन्ही कागदांवर सारखीच उत्तरं येतील असं तुम्हांला वाटतं का? डी.एड.च्या विद्यार्थ्यांना पाहणीचं तंत्र शिकवताना ही जोडी वापरून पाहायला हरकत नाही. अर्धे कागद एका शब्दांत, अर्धे दुसऱ्या, आणि कुणाला कुठला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. 'मत' नावाची वस्तू प्रश्न विचारण्याआधीपासून माणसाच्या मनात तयार पडलेली असते आणि आपण ती फक्त उचलून मोजतो, ही समजूत एवढ्यानेच बरीचशी ढासळेल.

दुसरी हरकत थोडी मोठी. कागदावर सांगणं आणि गल्ल्यावर करणं या दोन क्रिया आहेत. सेंट लुईस या अमेरिकी शहरात काही संशोधकांनी मत विचारण्याऐवजी आपली माणसंच दुकानांत सिरिंज विकत घ्यायला पाठवली. त्यांचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. मिसुरी राज्यात तेव्हा सिरिंजला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नव्हती. कायद्याने वाट मोकळी होती, तरी काही दुकानांनी नकार दिला. आमच्या कार्यशाळेत नकळत घडलं ते हेच, फक्त त्यांनी ते पद्धतशीर केलं. अशा अभ्यासातही खोट काढता येते. गिऱ्हाईक सोंग घेऊन आलेलं असतं, दुकानदाराला विचारलेलं नसतं, आणि एका भेटीवरून त्या दुकानाचं रोजचं वागणं ठरवणं धोक्याचं. तरीसुद्धा, 'मी कुणाला नाही म्हणत नाही' असं कागदावर लिहिणाऱ्या हातानेच गल्ल्यावर 'नाहीत' म्हटलं जाऊ शकतं, हे टपालाच्या प्रश्नावलीत कधीच दिसलं नसतं.

तिसरी हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पण तिच्याकडे वळण्याआधी सिरिंजविषयी थोडं बोलायला हवं, कारण इथे नुसती नीती-अनीतीची चर्चा करून भागत नाही. सुई सोडून द्या, नुसती सिरिंज घ्या. तिच्यात लाल शाईचं पाणी भरा आणि दट्ट्या पार तळापर्यंत दाबा. सगळं पाणी गेलं? टोकाच्या तोटीत थोडं उरलेलं दिसेल. सुई वेगळी बसवायच्या सिरिंजमध्ये ही तोटी आणि सुईचा बुडखा मिळून दट्ट्या पूर्ण दाबल्यावरही साधारण ८० मायक्रोलिटर द्रव आत राहतो. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये सुई कायमची जोडलेली असते, तिच्यात उरतो जेमतेम दोन मायक्रोलिटर. नशा करणारा शिरेत सुई गेली की नाही ते पाहायला दट्ट्या मागे ओढून थोडं रक्त आत घेतो. त्या रक्ताचा अंश या उरलेल्या जागेत राहतो आणि पुढच्याच्या अंगात जातो. हा विषाणू उघड्यावर फार टिकत नाही असं आपण वाचलेलं असतं. पण बंद सिरिंजमधली गोष्ट वेगळी आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत काही सिरिंजमध्ये चार आठवड्यांनंतरही जिवंत विषाणू सापडला होता.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले एडवर्ड कॅप्लन हे गणिती पद्धतींचे अभ्यासक. त्यांनी या सुईकडे डासासारखं पाहिलं. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी पाहिले, आणि पुढे डास व माणूस यांच्यातल्या देवघेवीचं गणितही मांडलं. डास एका माणसाला चावतो, दूषित होतो, दुसऱ्याला चावतो. तो किती दिवस जगतो यावर बरंच काही अवलंबून असतं. सुईचंही तसंच आहे. ती जितके दिवस हातोहात फिरेल तितकी ती दूषित असण्याची शक्यता जास्त. न्यू हेवन शहरात नोव्हेंबर १९९० मध्ये सुई-बदली केंद्र सुरू झालं. कॅप्लन आणि रॉबर्ट हायमर यांनी दिलेल्या प्रत्येक सिरिंजवर खूण घातली, परत आलेल्या सिरिंज तपासल्या आणि त्यांच्यात विषाणूच्या जनुकीय खुणा शोधल्या. सुरुवातीला तपासलेल्या सुयांपैकी सुमारे दोन-तृतीयांश दूषित होत्या. केंद्र चालू लागल्यावर सुया लवकर लवकर परत येऊ लागल्या आणि दूषित सुयांचं प्रमाण घसरलं. त्यांच्या गणितानुसार तिथल्या गिऱ्हाइकांमधली नवी लागण साधारण एक-तृतीयांशाने कमी झाली असावी. हे गणित आहे, प्रत्यक्ष मोजणी नव्हे, याची आठवण ठेवून वाचा. पण एक गोष्ट स्पष्ट होते. या प्रकाराला कुणाचं मन बदलावं लागत नाही. नशा करणाऱ्याचंसुद्धा नाही. सुई किती दिवस फिरते एवढंच बदलावं लागतं.

म्हणून दुकानातून नुसती विक्री आणि बदली यांत फरक पडतो. विक्रीने कोरी सुई फिरतीत येते, पण जुनी बाहेर पडत नाही. ती बाहेर पडायला डबा लागतो. २४३४ दुकानांत ९४ डबे होते हा आकडा लक्षात राहू द्या.

आता ती तिसरी हरकत. अशा पाहण्या औषधविक्रेत्याचं मत हे त्याच्या मनातून उगवलेलं कारण मानतात आणि विक्री हा त्याचा परिणाम मानतात. मत बदला, म्हणजे विक्री बदलेल. म्हणून प्रशिक्षण द्या, पत्रकं वाटा. दोन शहरांची हकिगत या क्रमाशी जुळत नाही.

पहिलं शहर स्कॉटलंडमधलं एडिंबरो. सिरिंज विकायला तिथे कायद्याने बंदी नव्हती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शहरात हेरॉईन स्वस्त झालं आणि पोलीस कडक झाले. माणसाजवळ सुई सापडली की ती जप्त होई. १९८२ साली ब्रिटनच्या औषधविक्रेत्यांच्या व्यावसायिक संस्थेने सल्ला दिला की उपचारासाठी मागणाऱ्या खऱ्या रुग्णांनाच सिरिंज विकाव्यात. शहरात सुया मिळण्याचं एक मोठं ठिकाणही बंद झालं. पुढे मुइरहाउस या गरीब वस्तीत दवाखाना चालवणारे डॉ. रॉय रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी यांनी हेरॉईन टोचणाऱ्या १६४ रुग्णांचं साठवून ठेवलेलं रक्त तपासलं. हे नमुने मुळात काविळीच्या तपासणीसाठी घेतले होते. विषाणूची चाचणी हाती आल्यावर त्यांचा असा उपयोग झाला. ८३ जण, म्हणजे ५१ टक्के, लागण झालेले निघाले. नमुन्यांवर तारखा असल्यामुळे मागे जाऊन पाहता आलं : लागण १९८३च्या उत्तरार्धात सुरू होऊन झपाट्याने पसरली होती. हा निबंध फेब्रुवारी १९८६ मध्ये आला. ऐंशी किलोमीटरही दूर नसलेल्या ग्लासगोत तेव्हा हेच प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं.

इथे घाई करायला नको. ग्लासगोत सुया मिळणं तुलनेने सोपं होतं असं सांगितलं जातं, पण दोन शहरांत दुसरेही फरक होते. एडिंबरोत एका खोलीत जमून टोचण्याची रीत जास्त होती, विषाणू दोन्हीकडे एकाच दिवशी पोचला असंही नाही. दोन शहरांची तुलना म्हणजे पुन्हा एक दुकान आणि दोन गिऱ्हाइकं. एडिंबरोच्या औषधवाल्यांच्या नकारामुळेच साथ आली असं मी म्हणणार नाही. मला दिसतं ते एवढंच, की तो नकार एकेकट्या दुकानदाराच्या मनात उगवलेला नव्हता. संस्थेचा सल्ला होता, पोलीस बाहेर उभे होते, शेजारचा दुकानदार विकत नव्हता. १९८६ मध्ये डॉ. मॅक्लेलंड यांच्या समितीने कोऱ्या सुया पुरवाव्यात अशी शिफारस केली, त्याच वर्षी औषधविक्रेत्यांच्या संस्थेने आपला सल्ला फिरवला, आणि १९८७ मध्ये एडिंबरो, ग्लासगो व डंडी इथे सुई-बदलीचे पहिले प्रयोग सुरू झाले. ज्यांना चार वर्षं 'विकू नका' असं सांगितलं होतं त्यांनाच १९८८ साली प्रश्नावली धाडून विचारलं, तुमचं मत काय? इंग्लंड-वेल्समधले ते १९४६ औषधविक्रेते याच संस्थेचे सभासद होते. त्यांच्या काळजीत त्या चार वर्षांचा वाटा किती, हे प्रश्नावलीत कुठे विचारलेलं मला आढळलं नाही.

दुसरी हकिगत अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातली. तिथे सिरिंज विकायला डॉक्टरांची चिठ्ठी लागे आणि चिठ्ठीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा होता. १ जुलै १९९२ पासून कायदा बदलला. एका वेळी दहापर्यंत सिरिंज चिठ्ठीशिवाय विकायला आणि बाळगायला मुभा मिळाली. यावर झालेले अभ्यास १९९५ साली छापून आले. कायदा बदलण्याआधी नशा करणाऱ्यांपैकी १९ टक्के सांगत होते की आम्ही सुई औषध दुकानातून घेतो. नंतर ७८ टक्के तसं सांगू लागले. रस्त्यावरच्या विक्रेत्याकडून घेणारे ७४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर आले. ज्यांनी कधी ना कधी दुसऱ्याची सुई वापरली होती त्यांच्यात तसं करण्याचं प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. ही सारी लोकांनी तोंडी सांगितलेली माहिती आहे, तेव्हा मघाची माझी दुसरी हरकत इथेही लागू पडते. पण हार्टफर्ड शहरातल्या नशेचा जोर असलेल्या वस्त्यांतल्या दुकानांच्या विक्रीतही वाढ दिसली, म्हणजे एका बाजूने तरी पडताळा मिळाला. पाहणीतल्या दुकानांपैकी ८३ टक्के चिठ्ठीशिवाय सिरिंज विकत होती.

याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे आणि तो हमखास सांगितला जातो. झडती घेताना खिशातली सुई टोचून पोलिसांना होणाऱ्या जखमा हार्टफर्डमध्ये कमी झाल्या. आधीच्या सहा महिन्यांत मादक द्रव्यांसंबंधीच्या १००७ अटकांत सहा, नंतरच्या सहा महिन्यांत १०३२ अटकांत दोन. ऐकायला फार छान वाटतं. पण वर्गात करून पाहा : अटका दोन्ही वेळी जवळजवळ सारख्या, म्हणजे एकूण आठ जखमा दोन खोक्यांत नाणं उडवून टाकल्यासारखं समजा. आठ नाणी उडवली तर सहा-दोन किंवा त्याहून एकांगी वाटणी, कुठल्याही बाजूला, नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता २५६ मध्ये ७४, म्हणजे सुमारे २९ टक्के. प्रत्येक विद्यार्थ्याने आठ-आठ नाणी उडवली तर वर्गात पाच-सात जणांची वाटणी तशी निघेल. कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा आकडा सोडून द्यावा. १९ आणि ७८ यांच्यातली दरी त्यांच्याजवळ आहे, ती पुरेशी बोलकी आहे.

कनेक्टिकटच्या औषधविक्रेत्यांची मतं ३० जूनच्या रात्री बदलली नव्हती. ज्याला नशेबाज आवडत नव्हता त्याला तो दुसऱ्या दिवशीही आवडत नसणार. बदलला तो कायदा. सिरिंज विकणं आता गुन्हा राहिला नव्हता आणि सिरिंज घेऊन बाहेर पडणाऱ्याला पोलीस पकडणार नव्हते. फ्रान्समध्येही असंच काहीसं घडलं होतं. १९७२च्या हुकमाने सिरिंजच्या विक्रीवर निर्बंध घातले होते, ते मे १९८७ मध्ये आरोग्यमंत्री मिशेल बार्झाक यांनी उठवले. उरलेल्या १७ टक्के दुकानांचं काय, असं तुम्ही विचाराल. ते बरोबर आहे. कायद्याने दार उघडलं तरी आत घ्यायचं की नाही हे गल्ल्यामागचा माणूसच ठरवतो, आणि सेंट लुईसचा अनुभव तेच सांगतो. मताला काहीच किंमत नाही असं माझं म्हणणं नाही. मताला पहिलं कारण मानून बाकीच्या गोष्टी न विचारणं मला चुकीचं वाटतं.

ब्रिटनमध्येच १९९५ साली शेरिडन आणि सहकाऱ्यांनी तशीच पाहणी पुन्हा केली. सुई-बदलीत भाग घेणारी दुकानं १९८८च्या सुमारे ३ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर गेली होती. मधल्या सात वर्षांत औषधविक्रेते सहृदय झाले, असं कुणी म्हणू शकेल. संस्थेचा सल्ला बदलला, आरोग्य खात्याच्या योजना आल्या, डबे आणि ते उचलून नेण्याची सोय आली, असंही म्हणता येईल. दोन पाहण्यांतल्या आकड्यांवरून यांतलं काय आधी आणि काय नंतर हे सांगता येत नाही. एका क्षणाची दोन छायाचित्रं काढली म्हणून चलच्चित्र होत नाही, हे आपण मुलांना शिकवतोच.

आपल्याकडे सिरिंजला चिठ्ठी लागते असा देशभराचा कायदा नाही. मणिपूरमध्ये सुईने हेरॉईन घेणाऱ्यांत हा विषाणू १९८९-९०च्या सुमाराला दिसला आणि काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत तो सापडू लागला. वेग एडिंबरोसारखाच. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सुई-बदलीला जागा मिळाली, पण ते काम मुख्यतः स्वयंसेवी संस्थांच्या कार्यकर्त्यांमार्फत चालतं. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७च्या कायद्याच्या २२व्या कलमाने लागणीचा धोका कमी करण्यासाठी केलेल्या अशा कामाला गुन्हा मानू नये असं स्पष्ट केलं आहे, आणि त्याच्या उदाहरणांत कोरी सुई देण्याचंही उदाहरण आहे. हा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. गल्लीच्या तोंडाशी असलेलं औषधाचं दुकान मात्र या सगळ्यात कुठे बसतं, याचा विचार फारसा झालेला दिसत नाही.

आता त्या संध्याकाळच्या दुकानदाराचं राहिलं. सात वाजता गेलो तेव्हा गर्दी ओसरली होती. मी कार्यशाळेची हकिगत सांगितली. त्यांनी आधी साफ नाकारलं, "नव्हत्याच साहेब, नंतर खोक्यात सापडल्या." मी काही बोललो नाही. खोकल्याच्या औषधाची एक बाटली कुणाला तरी देऊन झाल्यावर ते आपणहून म्हणाले, "तुम्ही रागावू नका. पोराला पाहून वाटलं, हा त्यातला. मागल्या वर्षी दुकानामागच्या बोळात सुया सापडल्या. शेजारच्या शाळेतलं एक पोरगं त्यातली उचलून घेऊन आलं हातात. मुख्याध्यापक माझ्याकडे आले भांडायला, मी काय विकतो म्हणून. पोलिसांनी दोनदा चौकशी केली. तुम्हीच सांगा, काय करायचं?"

मी विचारलं, वापरलेल्या सुया टाकायला डबा ठेवला तर? मला वाटलं होतं ते हसण्यावारी नेतील. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ठेवीन की. डबा ठेवायला पैसे लागत नाहीत. पण भरल्यावर तो न्यायला कोण येणार? दवाखान्यांचा कचरा नेणारी गाडी दवाखान्यापाशी थांबते, आमच्यापाशी नाही. नगरपालिकेच्या गाडीत टाकला तर तिथल्या बाईच्या हाताला लागेल. आणि डबा पाहून गिऱ्हाइकं विचारतील, तर त्यांना काय सांगायचं?" प्रश्नावलीत हा माणूस कुठल्या रकान्यात गेला असता? 'नशा करणाऱ्यांना सिरिंज विकण्यास प्रतिकूल', यात शंका नाही. मी तेव्हापासून अशी पाहणी वाचायला घेतली की आधी त्यातली प्रश्नावली छापली आहे का ते पाहतो, आणि असलीच तर शोधतो की डबा कोण नेतं हे कुणी विचारलं आहे का.

निघताना त्यांनी विचारलं, "ते पाण्यावर पुस्तक उचलायचं काय म्हणालात?" त्यांची मुलगी सातवीत होती. सुईशिवायच्या दोन सिरिंज, एक दहा आणि एक दोन मिलिलिटरची, त्यांनी खोक्यातून काढल्या आणि नळी कुठली वापरायची ते मी त्यांना दाखवलं.